एक दुःख, अनेक कचेऱ्या

दुर्बळाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य होय, हे तत्त्व आपल्याकडे कोणी अमान्य करीत नाही. अडचण उभी राहते ती त्या कर्तव्याची अंमलबजावणी कोणी, कोणत्या कचेरीत बसून आणि कोणाच्या हुकमाने करावयाची, या प्रश्नापाशी. घरात मार खाणारी स्त्री, आईबापांपासून दुरावलेले मूल, मुलासुनेने दाराबाहेर काढलेला वृद्ध किंवा रस्तोरस्ती भटकणारा मनोरुग्ण यांचे दुःख त्यांच्यापुरते एकच आणि अखंड असते. शासनाची रचना मात्र खातेनिहाय असते. त्यामुळे जखम आरोग्य खात्याकडे, गुन्हा पोलिसांकडे, निवारा महिला व बालविकास विभागाकडे, पोटगी न्यायालयाकडे, मुलांची शाळा शिक्षण खात्याकडे आणि शिधापत्रिका पुरवठा खात्याकडे, अशी त्या एका दुःखाची वाटणी होते. प्रत्येक खाते आपल्या वाट्याचे काम बहुधा शिरस्त्याप्रमाणे पार पाडते, कागदावर शेरा मारते, जावक क्रमांक टाकते आणि प्रकरण आपल्यापुरते निकालात काढते. आणि इतके सारे यथासांग होऊनही ती स्त्री त्याच रात्री त्याच घरात परत जाते.

या विपरीत परिस्थितीचे मूळ कर्मचाऱ्यांच्या निष्ठुरपणात शोधणे अन्यायाचे होईल. डॉक्टरला जखम शिवण्याचे शिक्षण मिळालेले असते, ठाणे अंमलदाराला गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र एवढे ठरवायचे असते, शिक्षकाला हजेरीपत्रकातील गैरहजेरी दिसते. आणि आपल्याला दिसलेला तुकडा दुसऱ्या कोणाच्या हातातील तुकड्याशी जुळवून पाहण्याची जबाबदारी कोणाच्याच नेमणुकीच्या हुकमात लिहिलेली नसते. स्थानिक यंत्रणांनी एकत्र येऊन काम करण्याची कल्पना या उणिवेतून जन्माला आली. ती कशी रुजली, कोठे फळाला आली आणि कोठे अडखळते, हे महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे सर्वसामान्य वाचकापुढे मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

यंत्रणा पुष्कळ असूनही रक्षण होत नाही, या सत्याची अतिशय सविस्तर चौकशी झाली ती इंग्लंडमध्ये, आणि तिचा निष्कर्ष सर्वच देशांना उपयोगी पडणारा असल्याने त्याचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी २५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये मरण पावली. आयव्हरी कोस्टमधील तिच्या आईवडिलांनी चांगल्या शिक्षणाच्या आशेने तिला एका नातलग स्त्रीच्या हवाली केले होते. त्या स्त्रीने आणि तिच्या सोबत्याने त्या लेकराचा असा छळ केला की शवविच्छेदनात तिच्या अंगावर १२८ जखमा आढळल्या. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीतून जे उघड झाले ते याहूनही अस्वस्थ करणारे होते. ही मुलगी कोणाच्या नजरेआड नव्हती. चार समाजसेवा खाती, तीन गृहनिर्माण कचेऱ्या, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके, दोन रुग्णालये आणि एका मोठ्या बालकल्याण संस्थेचे केंद्र, इतक्या ठिकाणी तिचे नाव पोहोचले होते. तिला वाचविण्याची संधी निदान बारा वेळा हाताशी आली आणि बाराही वेळा गेली. जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १०८ शिफारशी होत्या, आणि त्यांच्या प्रेरणेने २००४ च्या बालक कायद्यान्वये ठिकठिकाणी यंत्रणांची संयुक्त मंडळे स्थापन झाली. पुढे २०१७ च्या कायद्याने त्या मंडळांच्या जागी स्थानिक स्वराज्य संस्था, पोलीस आणि आरोग्यसेवा या तिघांवर समान व स्पष्ट जबाबदारी टाकली. मंडळातील खुर्च्या वाढविण्याऐवजी जबाबदारांची नावे निश्चित करावीत, या दिशेने पडलेले ते पाऊल होते.

आपल्याकडे या विचाराची सुरुवात कायद्याने झाली नाही, ती एका प्रत्यक्ष प्रयोगाने झाली. १९८३ साली भारतीय दंड विधानात ४९८-अ हे कलम दाखल होऊन विवाहित स्त्रीचा सासरी होणारा छळ हा गुन्हा ठरला. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. या कक्षातील समाजकार्यकर्त्या पोलीस नव्हत्या, त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, त्या कोणाला अटक करू शकत नव्हत्या. तरी त्यांची बसण्याची जागा पोलीस यंत्रणेच्या आत होती, आणि या प्रयोगाचे सारे सामर्थ्य त्या जागेत साठविलेले होते. संकटात सापडलेली स्त्री पोलिसांकडे येते ती बहुधा माहेर, शेजार, जातपंच अशा सर्व वाटा संपल्यावर. तेव्हा तिला आणखी एका कचेरीचा पत्ता देण्यापेक्षा मदत करणारे माणूसच ती जेथे आली आहे तेथे बसवावे, हा तो विचार होता. पुढे महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ही पद्धती आपलीशी केली आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांतून, तालुक्याच्या ठाण्यांतूनही सुरू झाले.

या कक्षात घडते काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ठाण्यात आलेली स्त्री बहुधा प्रथम म्हणते, “साहेब, त्याला फक्त दम द्या.” अंमलदारापुढे दोनच मार्ग असतात : गुन्हा नोंदवावा, किंवा अदखलपात्र नोंद करून तिला घरी पाठवावे. दम देण्याचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नसतो. कक्षातील कार्यकर्ती तिला बाजूला घेऊन बसते, आणि तासाभराच्या बोलण्यातून ‘दम द्या’ या दोन शब्दांच्या आड दडलेल्या गरजा एकेक करून वर येतात : तिचे दागिने सासूच्या कपाटात आहेत, लहान मूल नवऱ्याने अडवून ठेवले आहे, भाड्याची पावती नवऱ्याच्या नावाने आहे, आणि काल रात्री त्याने तिचा गळा दाबला होता. यांतील शेवटची गोष्ट तिने सर्वांत शेवटी, जवळजवळ जाता जाता सांगितलेली असते, आणि धोक्याच्या दृष्टीने तीच सर्वांत आधी ऐकावयास हवी होती. मग कार्यकर्ती अंमलदाराशी बोलते, तक्रार नीट लिहून घेतली जाते, स्त्रीला वैद्यकीय तपासणीसाठी नेले जाते, पोलीस सोबत देऊन मूल व स्त्रीधन परत आणण्याची तजवीज होते. पोलिसांचा अधिकार आणि समाजकार्याची श्रवणशक्ती एका छताखाली आल्याने जे साधते, ते दोघांच्या स्वतंत्र पत्रव्यवहाराने वर्षभरातही साधले नसते.

पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य ज्या स्त्रीला होत नाही तीही रुग्णालयात मात्र येते, कारण जखमेला दुसरी वाट नसते. हे ओळखून ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि बृहन्मुंबई महानगरपालिकेचा आरोग्य विभाग यांनी २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. सार्वजनिक रुग्णालयाच्या आत, त्याचा भाग म्हणून चालणारे हे आपल्या देशातील अशा प्रकारचे पहिले केंद्र होय. अपघात विभागातील केसपेपरवर वर्षानुवर्षे ठराविक कारणे लिहिली जात आली आहेत : ‘मोरीत घसरून पडल्या’, ‘स्टोव्हचा भडका’, ‘चुकून ढेकणांचे औषध पोटात गेले’. सोबत आलेला नवरा किंवा नणंद जे सांगेल ते कारण म्हणून कागदावर उतरते. ‘दिलासा’ने परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकविले ते एवढेच, की नातलगांना क्षणभर बाहेर थांबवावे, दंडावरच्या जुन्या-नव्या वळांचे वय पाहावे आणि हलक्या आवाजात विचारावे, “बाई, हे कोणी केले?” उत्तर आले तर ते केसपेपरवर रुग्णाच्या शब्दांत नोंदवावे, कारण तोच कागद पुढे न्यायालयात तिचा साक्षीदार होतो, आणि तिला त्याच इमारतीतील समुपदेशकापर्यंत स्वतः नेऊन पोचवावे. त्या रात्री तिला सुरक्षित जागा नसेल तर वैद्यकीय निरीक्षणाखाली दाखल करून घेण्याची सोयही या केंद्राने योजली. मुंबईतील महापालिकेच्या इतर रुग्णालयांतूनही पुढे या धर्तीची केंद्रे निघाली.

या दोन प्रयोगांनी जे दाखवून दिले, त्याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायद्याने वैधानिक रूप दिले. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने ‘संरक्षण अधिकारी’ हे नवे पद निर्माण केले. पीडितेचा कौटुंबिक घटना अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे व ठाण्याकडे पाठविणे, तिची वैद्यकीय तपासणी करविणे, तिला निवारागृहात जागा मिळवून देणे, मोफत विधी साहाय्यापर्यंत नेणे आणि न्यायालयाच्या आदेशाचे पालन होते की नाही हे पाहणे, ही सारी कर्तव्ये कायद्याने या एका अधिकाऱ्याच्या माथी ठेवली आहेत. वैद्यकीय संस्थेने उपचार नाकारू नयेत, निवारागृहाने जागा नाकारू नये, अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. २०१५ पासून सुरू झालेली ‘सखी’ वन स्टॉप केंद्रे याच विचाराचा पुढला टप्पा होत : तेथे उपचार, समुपदेशन, पोलीस साहाय्य, कायद्याचा सल्ला आणि तात्पुरता निवारा हे एका जागी मिळावे, अशी योजना आहे. मात्र ज्या संरक्षण अधिकाऱ्याकडे हे पद अतिरिक्त कार्यभार म्हणून येते आणि ज्याला स्वतंत्र कारकून नाही की वाहन नाही, त्याच्या हाती कायद्याची ही सारी सूत्रे असूनही ती ओढण्याचे बळ राहत नाही, हे शासनाने ध्यानात घ्यावयास हवे.

मुलांच्या बाबतीत ही साखळी अधिक बांधीव आहे. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुंबईत १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. आता ती शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेखाली चालते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. या समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जिल्ह्याचे विशेष बाल पोलीस पथक आणि प्रत्येक ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकारी हे तिचे हातपाय होत. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने तर गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणे हाच गुन्हा ठरविला, आणि मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत दक्षता घेतली.

ही सारी यंत्रणा गावपातळीवर कशी एकत्र यावी, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बालविवाह रोखण्याचे काम. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबात दिवाळीनंतर कारखान्याकडे जाण्याची वेळ आली की वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा प्रश्न आईबापांना ग्रासतो आणि लग्न हे त्याचे उत्तर ठरते. येथे पहिली चाहूल अंगणवाडी सेविकेला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांना लागते. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून अधिकार असतो ग्रामसेवकाला. मांडवात जाण्याचे बळ असते पोलिसांकडे. आणि मुलीचे पुढे काय करावयाचे, हे ठरविते बालकल्याण समिती. यांपैकी एक दुवा निखळला की लग्न मोडूनही मुलगी सुटत नाही. मांडव उठतो, हमीपत्रावर बापाचा अंगठा घेतला जातो, आणि पंधरा दिवसांनी शेजारच्या तालुक्यात मुकाट्याने अक्षता पडतात. म्हणून या कामातील खरी मेहनत त्या दिवसानंतर सुरू होते : मुलीला वसतिगृहात प्रवेश मिळतो का, तिचे नाव शाळेच्या पटावर राहते का, आणि सहा महिन्यांनी तिच्या घरी जाऊन कोणी विचारपूस करते का. या प्रश्नांची उत्तरे चार निरनिराळ्या खात्यांकडे असतात, आणि ती एकत्र मागणारा कोणी नसेल तर कोणीच देत नाही.

मग एखाद्या तालुक्याने हे संयुक्त कार्य उभारावयाचे ठरविले तर त्याने आरंभ कोठून करावा? सामान्यतः आरंभ होतो समिती नेमण्यापासून. तहसीलदारांच्या दालनात बैठक भरते, प्रत्येक खात्याचा प्रतिनिधी आपला अहवाल वाचतो, इतिवृत्त तयार होते आणि पुढील बैठकीपर्यंत सारे स्वस्थ असतात. बैठकांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे आकडेवारीऐवजी एका विशिष्ट प्रकरणावर बोलणे होत नाही, तेथे समन्वय झाला असे म्हणता येत नाही. पहिली गरज आहे ती प्रत्येक प्रकरणाला एक जबाबदार व्यक्ती असण्याची, जिचे नाव पीडितेलाही ठाऊक आहे आणि इतर सर्व खात्यांनाही. दुसरी गरज आहे ती प्रत्यक्ष हवाली करण्याच्या पद्धतीची : “त्या कचेरीत जा” असे सांगणे वेगळे, आणि त्या कचेरीतील माणसाला दूरध्वनी करून, सोबत कोणी देऊन, ती पोचली याची खात्री करून घेणे वेगळे. रिले शर्यतीत पहिल्या धावपटूने दांडी दुसऱ्याच्या मुठीत जाईपर्यंत सोडावयाची नसते; दुर्बळाच्या रक्षणात तर दांडीच्या जागी एक जीव असतो. तिसरी गरज आहे ती धोका मोजण्याच्या समान मापाची. गळा दाबणे, हत्याराची धमकी, गर्भारपणी मारहाण, घर सोडण्याचा अलीकडेच झालेला प्रयत्न या गोष्टींचा अर्थ परिचारिका, पोलीस आणि अंगणवाडी सेविका या तिघांनाही एकच लागला पाहिजे, आणि त्यासाठी त्यांचे प्रशिक्षण एकत्र बसून झाले पाहिजे. शिवाय ही सारी पद्धती लेखी असावी. कारण एखाद्या तळमळीच्या अधिकाऱ्याने जुळवून आणलेली घडी त्याच्या बदलीच्या हुकमासरशी विस्कटते, हा अनुभव कोणत्याही जिल्ह्याला नवा नाही.

येथे एका नाजूक प्रश्नाचा विचार करणे प्राप्त आहे. यंत्रणांनी एकमेकींना माहिती द्यावी, हे म्हणणे सोपे. पण ती माहिती आहे कोणाची? तालुक्याच्या गावी सगळे सगळ्यांना ओळखतात. रुग्णालयात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचणार असेल तर पुढच्या खेपेस ती स्त्री तोंड उघडणार नाही, आणि यंत्रणेच्या गलथानपणामुळे तिचा जीव अधिक धोक्यात येईल. म्हणून सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत तिची संमती घेऊन, ज्याला जेवढे कळणे आवश्यक तेवढेच कळवावे, हा दंडक असावा. मुलाच्या बाबतीत मात्र हा दंडक बदलतो, कारण तेथे गप्प बसण्याचा पर्याय कायद्यानेच ठेवलेला नाही. हा भेद प्रत्येक कर्मचाऱ्याला स्पष्टपणे शिकविणे हे संयुक्त कार्याचे एक प्रमुख अंग आहे.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. संरक्षणासाठी एकत्र आलेल्या यंत्रणा दुर्बळावर एकत्रित दडपणही आणू शकतात. पोलीस, समुपदेशक, सरपंच आणि नातलग असे सगळे एका मुखाने “संसार मोडू नकोस, समेट कर” असे सांगू लागले, तर एकट्या स्त्रीने कोणाच्या आधाराने नाही म्हणावे? समेट हा तिच्या इच्छेचा एक पर्याय असू शकतो. तो यंत्रणेच्या यशाचे माप होता कामा नये. जेथे ‘इतकी प्रकरणे आपसांत मिटविली’ असा अहवाल अभिमानाने सादर होतो, तेथे त्या मिटलेल्या प्रकरणांतील स्त्रिया आज कशा आहेत, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहे आणि त्याने तो बजावला पाहिजे. वृद्धांच्या बाबतीतही हेच. २००७ च्या कायद्याने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे निर्वाहाचा दावा करता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. पण निर्वाहाचा हुकूम मिळाल्यावर त्याच घरात त्याच मुलाबरोबर राहणाऱ्या वृद्ध आईकडे पुढल्या महिन्यात कोण डोकावणार, हे त्या हुकमात लिहिलेले नसते. भटक्या मनोरुग्णाला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेण्याचे कर्तव्य २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांवर सोपविले आहे; परंतु उपचारानंतर त्याच्या गावाचा शोध घेणे आणि घरच्यांची मने वळविणे हे काम पोलीस, रुग्णालय व स्वयंसेवी संस्था यांनी मिळून केल्याशिवाय होत नाही.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही, योजनांचीही नाही, आणि जीव ओतून काम करणाऱ्या परिचारिका, अंगणवाडी सेविका, हवालदार व समाजकार्यकर्त्या प्रत्येक तालुक्यात आहेत. उणीव आहे ती त्यांच्या कामाला जोडणाऱ्या, नाव-गाव असलेल्या जबाबदारीची. म्हणून वाचकांपैकी जे सरपंच असतील, मुख्याध्यापक असतील, दवाखाना चालवीत असतील किंवा नुसते जागरूक शेजारी असतील, त्यांनी मुलांसाठीचा १०९८, महिलांसाठीचा १८१, तातडीच्या मदतीचा ११२ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक आपल्या भिंतीवर लावावेतच. पण तेवढ्यावर न थांबता आपल्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारावा : रात्री दहा वाजता एखादी स्त्री किंवा मूल मदत मागावयास आले, तर उद्या सकाळी, पुढच्या आठवड्यात आणि सहा महिन्यांनी त्यांची चौकशी करणारी व्यक्ती कोण? या प्रश्नाला ज्या दिवशी खात्याच्या नावाऐवजी माणसाचे नाव हे उत्तर मिळेल, त्या दिवशी त्या तालुक्यात संयुक्त कार्य सुरू झाले असे समजावे. आणि तसे उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न विचारीत राहणे हे नागरिकांचे कर्तव्य मानावे.